गिटार भिसेगावात, डबा खोपोलीत

हिराजी भोईरांच्या गिरणीत दळण घेऊन गेलं, की ते दोन प्रश्न विचारायचे. पहिला, "जाडं का बारीक?" आणि दुसरा, "वाजवू का नको?"

पहिल्याचं उत्तर गिऱ्हाइकानं द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर हिराजीभाऊ स्वतःच देत. तुम्ही "वाजवा" म्हणा, "नको" म्हणा, घरी पाहुणे भाकरीसाठी खोळंबलेत म्हणा. गिरणीच्या तोंडात तांदूळ पडले आणि पट्टा फिरायला लागला, की भिंतीच्या खुंटीवरून गवसणी उतरायची, तिच्यातून लालभडक इलेक्ट्रिक गिटार बाहेर यायची, आणि पापण्यांपासून पायाच्या नखांपर्यंत पिठानं पांढरा झालेला तो दणकट माणूस पोत्यावर बसून ती वाजवायला लागायचा.

ऐकू काहीच यायचं नाही.

गिरणीच्या धडधडीत शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी कळत नसे, तिथे त्या गिटारीची टिंगटिंग कुठली ऐकू येणार! पण हिराजीभाऊंची बोटं चालायची, मान डोलायची, डोळे मिटायचे. मध्येच अवघड जागा आली की कपाळाला आठ्या पडायच्या आणि आठ्यांमधलं पीठ नाकावर गळायचं. दळण संपलं, मोटर बंद झाली, की ते विचारत, "कसं झालं?"

"ऐकू नाही आलं, हिराजीभाऊ."

"रविवारी या. रविवारी डबा येतो."

माझं शिलाईचं दुकान गिरणीच्या बरोबर समोर. हे दुकान मी कुठल्या अशुभ मुहूर्तावर घेतलं कुणास ठाऊक. मी शिवलेली एकही काळी पँट कधी काळी म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात पडली नाही. वाऱ्याची दिशा बदलली की ती राखाडी व्हायची. पण त्याची भरपाई अशी, की समोरचं सगळं नाटक मला पहिल्या रांगेत बसून वर्षानुवर्षं बघायला मिळालं. शिवाय त्या नाटकात माझाही एक छोटासा प्रवेश आहे. गिटारीची गवसणी मी शिवली. जाड मंगरपाठ कापडाची, आतून फलालीन लावलेली, आणि आतल्या बाजूला एक रुंद, चपटा खिसा. तो खिसा हिराजीभाऊंनी मुद्दाम सांगून शिवून घेतला होता. "तारांसाठी का?" मी विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, तुमी शिवा. मी दळताना विचारतो का, भाकरी कोन खानार?"

आमच्या भिसेगावात नवा आलेला कुणीही माणूस गिरणीत पहिल्यांदा गेला की चकित होऊन विचारायचाच, "ही गिटार तुमच्याकडे कशी?" हिराजीभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. छाती पुढे काढून, आवाज चढवून, जणू कोर्टात उभे आहेत अशा थाटात ते सांगत, "कान पिळून घेतलीय. हक्काची हाय!"

नव्या माणसाला वाटायचं, ही बोलायची रीत असेल. तसं नव्हतं. त्यांनी खरोखरच कान पिळला होता, भर मांडवात, चारशे पानांची पंगत खोळंबवून. त्या दिवसापासून भोईर हे त्यांचं आडनाव फक्त विजेच्या बिलावर राहिलं. गावात ते हिराजी कानपिळे.

तो मांडव आधी उभा करतो.

हिराजीभाऊंची धाकटी बहीण शेवंती. तिचं लग्न ठरलं खोपोलीच्या अनंताशी. अनंता तिथल्या कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटारवाला. हसरा, केसांची झुलपं सोडलेला, बारीक मिशीचा पोरगा. साखरपुड्याला तो गिटार घेऊन आला. कुणी वाजव म्हटलं नव्हतं. नुसतीच मांडीवर घेऊन बसला, झोपलेलं पोर घेऊन बसावं तशी. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. हिराजीभाऊ त्याच्यासमोर चहाचा कप ठेवायला वाकले आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हिच्याबिगर किती दिस राहशील रं?"

"एक आठवडा पण नाय राहणार, मेव्हणे," अनंता म्हणाला. "जीव जाईल."

हिराजीभाऊंनी मान हलवली आणि कप सरळ केला. मी तिथेच भिंतीला टेकून पोहे खात होतो. हे बोलणं मी ऐकलं आणि पोह्यांबरोबर गिळून टाकलं.

आता लग्न. होम झाला की नवरीचा भाऊ नवऱ्याचा उजवा कान पिळतो, हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्या बहिणीला नीट वागव, एवढाच त्याचा अर्थ. भाऊ हसत हसत कान धरतो, नवरा हसत हसत "आई गं" म्हणतो, नवऱ्याचा बाप भावाला टोपी, उपरणं, फार तर शर्टाचं कापड देतो, आणि सगळे जेवायला पळतात. कानपिळी म्हणजे वरणभाताच्या आधीची शेवटची अडचण.

भटजींनी हाक दिली, "मुलीचा भाऊ कोण? या लवकर."

हिराजीभाऊ आले. त्या दिवशी आंघोळ घालून घालून त्यांचं पीठ काढलं होतं, त्यामुळे मला ते ओळखूच येईनात. त्यांनी अनंताचा कान धरला. पोती उचलणारी बोटं ती. अनंता पाटावर एकदम ताठ झाला. पण पोरगा उमदा. हसून म्हणाला, "मागा मेव्हणे, काय पाहिजे ते मागा!"

"काय पन?"

"काय पण!"

"मग ती दे." हिराजीभाऊंनी हनुवटीनं मांडवाच्या खांबाकडे दाखवलं. खांबाला गिटार टेकवून ठेवली होती. जेवणानंतर ऑर्केस्ट्राची पोरं वाजवणार होती.

मांडवात हशा उसळला. भटजी हसले, वाढपी हसले. हिराजीभाऊ हसले नाहीत आणि त्यांनी कानही सोडला नाही. मग हसू हळूहळू विझलं आणि नुसता होमाचा धूर राहिला.

अनंताचे वडील टोपी-उपरण्याचं ताट घेऊन पुढे आले. "चेष्टा पुरे आता. घड्याळ देतो."

"भोंगा वाजतो. वेळ कळते मला."

"सायकल घ्या."

"गिरनी सोडून जातो कुठं मी?"

"बरं, रेडिओ घ्या!"

"गिरनीत ऐकू येत नाय."

"मग गिटार येणार आहे का?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

"ते माझं मी बघीन."

मी कापडाचा माणूस. रंगाच्या छटा मला बरोबर कळतात. अनंताचा कान आधी शेंदरी झाला, मग डाळिंबी, मग थेट वांगी. भटजी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, होम विझतोय." हिराजीभाऊ म्हणाले, "लाकडं घाला." मुंडावळ्यांच्या आडून शेवंती पुटपुटली, "दादा, सोड ना रं." तिला उत्तर मिळालं, "तू गप गं. ह्यात तुझं काय नाय."

मागे पंगतीत कुणीतरी ओरडलं, "अरं दे रं बाबा, भात थंड होतोय!"

शेवटी अनंता म्हणाला, "घ्या!"

कान सुटला. हिराजीभाऊंनी गिटार उचलली, दोन्ही पक्षांच्या मध्ये येऊन उभे राहिले, आणि सगळ्या खोपोलीकरांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी तारांवर अंगठा ओढला.

टिंग.

त्यांनी पुन्हा ओढला. टिंग. शेजारच्या पोरीच्या बांगड्या त्याहून मोठ्यानं वाजल्या.

अनंता कान चोळत उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी अजून विसरलेलो नाही. "मेव्हणे," तो म्हणाला, "आवाज तिच्यात नसतो. आवाज डब्यात असतो. डबा तुम्ही मागितलाच नाय!"

खोपोलीच्या बाजूनं अशा टाळ्या पडल्या म्हणता! वाढप्यांच्या हातातली भांडी घेऊन पोरांनी ती बडवली. पण हिराजीभाऊ हटणारे नव्हेत. ते भटजींकडे वळले आणि गंभीरपणे त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कानाचं काय मिळतं?"

"शास्त्रात एकच कान आहे," भटजी घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी दक्षिणेची पिशवी बांधली.

डबा म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. अशी त्या बिचाऱ्या वाद्याची ताटातूट झाली. गिटार भिसेगावात, डबा खोपोलीत.

लग्नानंतर महिनाभरात खोपोलीहून पाच वडीलधारी माणसं बोलणी करायला आली. माझ्या दुकानातल्या खुर्च्या गिरणीत नेल्या होत्या, त्यामुळे खुर्च्यांबरोबर मीही गेलो. अनंताचे वडील म्हणाले, "झालं गेलं विसरा. पोरगा खात नाही, पीत नाही. गिटार द्या."

"डबा द्या."

"डबा कशाला देऊ?"

"मग गिटार कशाला देऊ? तुमच्या पोराचा कान मी पिळला. तो पीळ परत घेता येतो का? नाय ना? मग कानाची वस्तू पन परत नाय."

यावर त्या पाचांनी बराच विचार केला, पण कान परत कसा घ्यायचा हे त्यांना सुचेना. तेव्हा हिराजीभाऊंनीच अटी घातल्या. गिरणीत विजेची लाईन आहे. अनंतानं दर रविवारी डबा घेऊन यावं आणि गिटार पोटभर वाजवावी. मात्र डबा जड आहे, त्याला दोन बाजूंना दोन कान आहेत. एक कान अनंतानं धरायचा, दुसरा शेवंतीनं.

"बाईमाणसानं डबा उचलायचा?" म्हातारा ताडकन उठला. "गडी पाठवतो बरोबर!"

"तिसऱ्याचा हात लागला तर लाईन मिळनार नाय. आनि एकटा आला तर गिटार खुंटीवर."

"हा अन्याय आहे!"

"हाय," हिराजीभाऊ शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पट्टा चढवून गिरणी सुरू केली. पुढचं खोपोलीकरांचं भाषण फार जोरकस झालं असावं, कारण त्यांचे हात बरेच हलत होते.

पण पोराचं वाळलेलं तोंड बघवेना, म्हणून म्हातारा नमला. आणि आमच्या भिसेगावात रविवार नावाचा सण सुरू झाला.

खोपोलीहून शटल गाडी कर्जतला, म्हणजे आमच्याच स्टेशनात, लागायची. तिच्या डब्यातून तो डबा उतरायचा. एक कान अनंताच्या हातात, दुसरा शेवंतीच्या. शेवंतीची साडी नवी, अंबाड्यात फुलं, आणि हातात हे लोखंडी पट्ट्या मारलेलं धूड. रूळ ओलांडून दोघं गिरणीत येत. शेवंती डबा ठेवायची आणि मागच्या दारानं घरात जाऊन आईच्या मांडीवर डोकं टाकायची. अनंता वायर जोडायचा. मग ती मुकी गिटार असा हंबरडा फोडायची, की स्टेशनातले हमाल डोक्यावरचं ओझं ठेवून ऐकत उभे राहायचे. गिरणी बंद असे, पण पत्र्यांवर बसलेलं पीठ त्या आवाजानं हलून वरून भुरभुर पडायचं.

वाजवून झालं की शिकवणी. अनंता चिडचिड करत हिराजीभाऊंना शिकवायचा. "मेव्हणे, तार दाबा, पोतं नाय दाबत आहात!" हिराजीभाऊंची बोटं कापून निघाली, पण ते मागे हटले नाहीत. हळूहळू त्यांना बऱ्यापैकी यायला लागलं. आठवडाभर गिरणीच्या धडधडीत जे चालायचं, तो रविवारचा अभ्यास.

आणि संध्याकाळी निघताना भांडण. ते ऐकायला मी दुकानाचं अर्धं दार उघडं ठेवायचो.

"मेव्हणे, आता तरी द्या. ऑर्केस्ट्रात माझ्या हातात खुळखुळा देतात! गिटारवाला माणूस मी, मागं उभा राहून खुळखुळ करतो!"

"खुळखुळा वाईट नसतो. ताल पक्का होतो."

"लोक हसतात मला!"

"मला पन हसतात. हक्काची हाय. कान पिळून घेतलीय."

एवढं बोलून हिराजीभाऊ खरोखरच पुन्हा कान पिळायचे. उजवाच. "नीट वागवतोस ना रं तिला?" अनंता "आऽऽ" करून ओरडायचा. हिराजीभाऊंच्या बोटांना रविवारीसुद्धा पीठ असायचं. कातडीतच मुरलेलं ते. त्यामुळे अनंता परत जाताना त्याचा एक कान पांढरा. स्टेशनावर लोक सांगत, "अहो, कानाला काहीतरी लागलंय." तो म्हणायचा, "राहू द्या." पुसायचा नाही. रागानं पुसत नसेल, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

गिरणीवर येणाऱ्या बायका मात्र हिराजीभाऊंवर खूश होत्या. एक म्हातारी डोक्यावरचं दळण उतरवत एकदा म्हणाली, "आमच्या भावानं टावेल घेतला न् कान सोडला. आमी माहेराला जातो गौरीला. ही बघा, रविवार आला का हजर! अरं हिराजी, माझ्या लग्नात तू कुठं होतास रं?"

"जल्मलो नव्हतो, मावशी," हिराजीभाऊ म्हणाले. "जाडं का बारीक?"

अशी वर्षं गेली. शेवंतीला पोर झालं, तेही डब्यावर बसून यायला लागलं. भांडणातला एक शब्द बदलला नाही.

मग एकदा माझ्या साडूनं मला खोपोलीला उत्सवाला बोलावलं. रात्री ऑर्केस्ट्रा होता. मी मनात म्हटलं, आज अनंताचा खुळखुळा बघू या. उद्या भिसेगावात त्याची नक्कल करून दाखवता येईल. पुढची जागा पकडून बसलो. पडदा उघडला. आणि दिव्यांच्या लखलखाटात, चकचकीत कोट घालून, अगदी मधोमध उभा होता अनंता. गळ्यात गिटार! निळी, झगमगीत, आमच्या लालीपेक्षा दुप्पट देखणी. पायाशी नवा कोरा डबा. आणि वाजवत होता असा, की खोपोलीची सगळी वीज त्याच्या मनगटातून येते आहे. खुळखुळा मागे एका पोराच्या हातात होता आणि त्याला तो नीट वाजवता येत नव्हता.

मध्यंतरात मी थेट पडद्यामागे. अनंता मला बघून दचकला. "मास्तर, तुम्ही?"

"खुळखुळा छान वाजवतोस," मी म्हटलं.

तो ओशाळला. मला बाजूला ओढून म्हणाला, "हळू बोला ना. घरी माहीत नाय. बाबा असल्या कार्यक्रमांना फिरकत नायत. ही ऑर्केस्ट्राच्या खोलीतच ठेवतो."

"कधीची आहे?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची."

"पहिल्या! मग इतकी वर्षं तो जुना डबा वाहतोस कशाला?"

अनंता कान चोळायला लागला. उजवा. "आमचे बाबा जुन्या वळणाचे, मास्तर. सुनेला दर आठवड्याला माहेरी कोण पाठवतो? पण पोराची गिटार अडकलीय म्हटलं, की तेच सकाळी उठवतात. जा रं, आज तरी सोडवून आण, आणि तिला घेऊन जा, नायतर तो राक्षस वाजवायला देणार नाय! ती जाताना गाडीत एक बोलत नाय बघा. पळसदरी गेली की बोलायला लागते, ती रात्रीपर्यंत. ते बंद करू मी?" मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "दादाला सांगू नका हां. दादाला वाटतं, मी गिटारीसाठी येतो. वाटू द्या."

भिसेगावात मेव्हणे, मेव्हणे करून भांडणारा हा पोरगा इथे पाठीमागे 'दादा' म्हणत होता!

"मी कशाला सांगतोय," मी म्हटलं.

"मास्तर, मी ओळखतो तुम्हाला. दादाच्या गिटारीला गवसणी शिवलीत ना? तशी एक तुमच्या तोंडाला शिवा."

वाचकहो, माझी अवस्था तुम्हीच बघा. ज्या माणसाला गावातल्या कुणाच्या घरी आमटी करपली हे पोटात ठेवता येत नाही, त्याच्या पोटात हा एवढा मोठा ऐवज! आणि तो बाहेर पडला तर काय काय कोसळेल, हेही मला दिसत होतं. हिराजीभाऊंना कळलं की आपल्या हातात नुसतं लाल लाकूड आहे, तर ते संतापून गिटार अंगणात फेकतील. गिटार सुटली की म्हातारा म्हणेल, आता कशाला दर रविवारी? आणि शेवंती वर्षातून एकदा गौरीला माहेरी येणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसेल. मी दोन दिवस जबडा आवळून काढले. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. तिसऱ्या दिवशी घरात गहू होते ते उगाच उचलले आणि गिरणीत गेलो. सांगायला नव्हे. नुसतं बघायला.

हिराजीभाऊ एकटेच होते. त्यांनी गहू बाजूला ठेवले. जाडं का बारीक विचारलं नाही. मोटर बंद केली.

"खोपोलीला गेलेलात म्हनं."

"हो. साडूकडे."

"कशी हाय नवी?"

"नवी काय?"

"गिटार."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्याच्या बोटांनी." त्यांनी आपला डावा हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं कडक झालेली, तारांच्या रेघा उमटलेली. "हे माझे घट्टे. मी रोज वाजवतो म्हनून. चार दिस सोडलं का मऊ पडतात. हा खुळखुळेवाला आठवड्यातून एकदा तार धरतो, आनि ह्याचे घट्टे माझ्याहून जाड! खुळखुळ्यानं डाव्या हाताला घट्टे पडतात का, मास्तर?"

"म्हणजे तुम्हाला..."

"पैल्या दिवाळीपासनं."

मी पोत्यावर बसलो. माझ्या दोन दिवसांच्या तपश्चर्येचा असा भुगा झालेला मला सहन होईना. "अहो, मग बोलत का नाही? दर रविवारी ते भांडण कशाला?"

"बोललो तर तो खोटा पडंल. खोटा पडला तर निमित्त गेलं."

"पण अनंता चांगला आहे, हिराजीभाऊ. तो निमित्ताशिवायही आणेल तिला."

"चांगला हाय. घर पन चांगलं हाय." ते उठले, खुंटीवरून गवसणी काढली. "यमुनाचं पन घर चांगलंच होतं."

गवसणीच्या आत हात घालून त्यांनी माझ्या त्या रुंद, चपट्या खिशातून एक वस्तू काढली. काळी टोपी. लहान मुलाच्या मापाची, एकदाही न घातलेली, घडीवर विटलेली.

यमुना त्यांची मोठी बहीण. ती असल्याचं मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. घाटापलीकडे दिली होती.

"मी बारका होतो. कान पिळ बोलले. धरला. तेवढ्यात नवी टोपी समोर आली, तिची चमक बघूनच खूळ लागलं. कान धरला न धरला, सोडला." त्यांनी टोपीवरचं पीठ फुंकलं. "ती एका दिवाळीला आली. मग कामं हायत बोलले. मग लावनी हाय बोलले. बा आनायला जायचा, मी पन जायचो. ओटीवर च्या द्यायचे. चांगला च्या, दुधाचा. आनि ओटीवरूनच परत. ती आतनं बघायची. मग एकदा निरोपच आला."

बाहेर कुणीतरी दळण घेऊन आलं आणि गिरणी बंद बघून परत गेलं. हिराजीभाऊंनी टोपी खिशात ठेवली, वर गिटार सरकवली, बंद बांधले.

"सगळे बोलतात, हिराजीला गिटारीचं वेड," ते म्हणाले. "तो मांडीवर तबला घेऊन बसला असता तर तबला घेतला असता. पन आता..." त्यांनी गवसणीवरून हात फिरवला. "आता आवडते मला. माझीच हाय ती."

मग मोटर सुरू झाली आणि माझे गहू न विचारता इतके बारीक दळले गेले, की घरी त्यांच्या पोळ्या लाटता येईनात.

पुढच्या रविवारी शटल आली. डबा उतरला. एक कान अनंताच्या हातात, एक शेवंतीच्या. पोर वर बसलेलं. गिटार हंबरली, पीठ भुरभुरलं, आणि संध्याकाळी मी दाराची दुसरी झडपही उघडून भांडणाला बसलो.

"मेव्हणे, आता तरी द्या! खुळखुळा वाजवून हात गळून गेला माझा!"

"कुठला हात?" हिराजीभाऊंनी विचारलं.

अनंता क्षणभर अडखळला. "उजवा."

"मग ठीक हाय. हक्काची हाय!"

"तुम्ही राक्षस आहात!"

"हाय. इकडं कर कान."

कान पिळला गेला. अनंता ओरडला. नेहमीप्रमाणे दोघांनी डबा उचलला, आणि माझ्या दुकानासमोर आल्यावर शेवंतीनं तो खाली ठेवायला लावला. तिनं नवऱ्याच्या पांढऱ्या कानाकडे पाहिलं. पुसायला म्हणून पदराचं टोक हातात घेतलं, थोडी थांबली, आणि पदर परत खोचला. "उचला," ती म्हणाली. दोघं रुळांकडे गेली.

दुकान बंद करून मी गिरणीत डोकावलो. हिराजीभाऊ पोत्यावर बसले होते. गिटार मांडीवर.

"मास्तर, वाजवू का नको?"

"वाजवा."

मोटर बंद होती. डबा गेलेला होता. त्यांनी बोटं ठेवली, आणि ती टिंगटिंग, जी मी इतकी वर्षं नुसती डोळ्यांनी पाहिली होती, ती पहिल्यांदा ऐकू आली. बारीक, कोरडी, अगदी जवळची. ते वाजवत राहिले. शटलची शिट्टी झाली, गाडी पळसदरीच्या दिशेनं निघाली, तिचा आवाज विरत विरत गेला. तेव्हा त्यांनी तारांवर हात ठेवला.

"हक्काची हाय," हिराजीभाऊ म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.